मास्तरांची कोरी कॅसेट

ब्रेकमास्तर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या उजव्या पायाला हे अजून कुणी कळवलेलं नाही. टीव्हीवर कुणी भरधाव गाडी हाकताना दिसलं की सोफ्यावर बसल्या जागी मास्तरांचा पाय जमिनीत रुतायला लागतो. दूध उतू जायला आलं की आधी पाय दाबला जातो आणि मग हात गॅसकडे जातो. न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि वस्तरा जरा वेगानं गालाकडे आला, की पायाखालची फळी करकरते. न्हावीही आता सरावलाय. फळी वाजली की तो हात आखडता घेतो.

सबंध आयुष्य शिकाऊ लोकांच्या डावीकडे बसून काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार. अर्ध्या शहराला गाडी आपण शिकवली आणि उरलेलं अर्धं शहर त्यामुळेच जिवंत राहिलं, असं मास्तर स्वतःच सांगतात. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, पण शिकवणीची लाल गाडी त्यांनी ठेवून घेतली. छतावर पाटी होती तिथली भोकं पुट्टी भरून बुजवलेली. डाव्या सीटपुढचा जादा ब्रेक मात्र अजून जागच्या जागी. तो काढू दिला नाही. आणि गाडीत कंपनीनं बसवून दिलेला टेप. कॅसेट घालायची फट, दोन गोल बटणं, बटणांवरचे आकडे बोटांनी पार खाऊन टाकलेले. टेप बदला म्हणून कुणी सुचवलं, तर मास्तर असे बघत, जणू त्यांचंच नाक बदला म्हटलंय.

या गाडीनं मास्तरांना पुष्कळ दिलं आणि एक गोष्ट काढून घेतली. डाव्या सीटला खिडकी, खिडकीला उघडी काच आणि काचेपलीकडे दुनियेतले झाडून सगळे ट्रक. हॉर्न खाऊन खाऊन मास्तरांचा डावा कान आधी गेला. उजव्यानं काही वर्षं एकट्यानं संसार ओढला, मग तोही थकला.

पण हे कबूल कोण करणार? मास्तरांनी एक युक्ती काढली. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की म्हणायचं, "हो हो." समोरचा हसत असेल तर, "छान छान." एवढ्या भांडवलावर त्यांनी किती वर्षं काढली म्हणता! एकदा इमारतीच्या मीटिंगमध्ये हो हो म्हणत बसले आणि उठले ते पाण्याच्या टाकीच्या समितीचे अध्यक्ष होऊनच. टाकीला समिती आहे हेच त्यांना नंतर कळलं.

या चोरीमागे कारण होतं. मास्तरांना एकच लेक. ती नवऱ्याबरोबर परदेशात असते, तिला एक छोटी मुलगी आहे. मागच्या खेपेला ती आली होती, तेव्हा वळणावर मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न बापाला ऐकू आला नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. घरी आल्यावर ती समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, कान तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर गाडीची किल्ली मी माझ्याबरोबर घेऊन जाईन."

हे मेलं बरोबर ऐकू आलं. मास्तर म्हणाले, मला टाचणी पडलेली ऐकू येते. पोर तेव्हा गप्प बसली. पण ती बोलते ते करते. बापावरच गेलीय.

तेव्हापासून मास्तर सावध झाले. लेकीचा दिवस ती आपली रात्र, म्हणून ती फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. मास्तर खोलीत जाऊन फोन कानाला घट्ट दाबायचे. आतून कढईत काहीतरी तळत असल्यासारखा आवाज यायचा. मधूनच एखादं "बाबा" वर तरंगायचं. इअरफोनची बोंडं कानात घालून पाहिली, तर तळण कानाच्या आतच सुरू झालं. मग मास्तर उत्तर रेकॉर्ड करायचे: "वा वा, छान छान. मजा करा. तब्येतीला जपा." पूर्वी लेकीचे निरोप लांबलचक असत. अलीकडे ते आखूड झाले होते. सुरुवातीला मास्तरांना बरंच वाटलं, तेवढंच अंदाज बांधायचं काम कमी. मग ते इतके आखूड झाले की फोन कानाला लावेपर्यंत संपायचे, आणि मास्तरांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

अशात एका दुपारी मास्तरीणबाई दुकानात गेल्या होत्या आणि मास्तर बाहेर गाडीत बसले होते. उन्हाची झळ नको म्हणून काचा वर केलेल्या. घाम पुसताना कोपर रेडिओच्या बटणाला लागलं आणि आवाज एकदम टोकाला गेला. चारी दारांतून एक बाई बातम्या द्यायला लागल्या. आणि मास्तरांना शब्दन् शब्द कळला. बाई भाजीपाल्याचे भाव सांगत होत्या आणि मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली होती. टोमॅटोचे भाव ऐकून रडणारे लोक कमी नाहीत, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडीच्या टेपवाल्याकडे हजर. टेपवाला त्यांचाच जुना विद्यार्थी. रिव्हर्स त्याला अजून येत नाही, पण हातात कला आहे. मास्तरांनी सांगितलं, फोनमधला आवाज या टेपमधून आला पाहिजे. गाणी ऐकायचीत, असं वर दडपून दिलं. टेपवाला म्हणाला, हा डबा काढून टाकू, मोठ्या पडद्याचा नवीन बसवू. मास्तरांचा पाय दुकानाच्या फरशीत रुतला. मग टेपवाल्यानं रेडिओमार्फत फोन वाजवणारी एक डबी दाखवली. पण तिच्यात मध्येच दुसऱ्या स्टेशनच्या जाहिराती घुसतात, हे तोच प्रामाणिकपणे बोलून गेला. शेवटी त्यानं बाह्या सरसावल्या.

टेपच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत लोखंडी आकडे खुपसून त्यानं तो अख्खा बाहेर ओढला. झाकण उघडलं. कॅसेटचा आवाज ज्या तारांवरून पुढे जातो त्या हुडकल्या, त्यांना एक नवी तार डाग देऊन जोडली आणि तिचं दुसरं टोक अॅशट्रेच्या मागून बाहेर काढलं. आता अॅशट्रे उघडली की आत फोनची पिन लावायचं बीळ. गाडीच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. मास्तर खूश.

"फक्त एक आहे मास्तर," टेपवाला म्हणाला. "कॅसेट फिरत असली तरच हा टेप या तारेचं ऐकतो. तेव्हा आत एक कोरी कॅसेट कायम ठेवायची. तिच्यावर काही भरलेलं असलं तर दोन्ही आवाज एकदम येतील."

हे तो समोर उभा राहून बोलला, म्हणून पोचलं. पण कोऱ्या कॅसेट आता मिळतात कुठे? घरच्याच एखाद्या जुन्या कॅसेटवर शांतता रेकॉर्ड करा, असं त्यानं सांगितलं. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून तारा बांधता बांधता तो पुढेही काही बोलला: टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात एक रिकामी पिन खोचा, नाहीतर तो खोलीतला आवाज उचलेल. डोकं बाहेर आलं, ओठ थांबले. मास्तर म्हणाले, "हो हो."

गाडीच्या खणात एकच कॅसेट होती. तरुणपणी, कच्च्या विद्यार्थ्यांसाठी, मास्तरांनी आपल्याच आवाजात भरलेली: आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण. घाई करू नका. ती पुसायचं म्हटल्यावर मास्तरांनी ती दोनदा खणात परत ठेवली. पण आपला आवाज ऐकून आपल्याला काय मिळणार, लेकीचा ऐकू, असा विचार करून मास्तरांनी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला. प्लग स्वयंपाकघराच्या दाराशी होता, म्हणून तो तिथेच स्टुलावर मांडला. खिडक्या लावल्या. दोन बटणं एकदम दाबली आणि हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून समोर बसून राहिले. घर कसं चिडीचूप होतं. म्हणजे मास्तरांच्या लेखी. आत मास्तरीणबाई शेजारणीबरोबर भाजी निवडत होत्या, आणि त्या दोघी भाजी निवडायला बसल्या की भाजी हे निमित्त असतं.

सगळं जमलं. आता गल्लीत एवढा मोठा आवाज लावायचा म्हणजे लेकीचा निरोप चारचौघांत वाटण्यासारखंच. म्हणून मास्तर गाडी घेऊन शिकवणीच्या मैदानावर गेले. रिव्हर्स शिकवायला मांडलेले दगड अजून तिथेच होते. काचा वर केल्या, अॅशट्रे उघडली, पिन लावली, कॅसेट आत सरकवली, बटण टोकाला नेलं आणि सगळ्यात नवा निरोप दाबला.

"बाबा, सगळं ठीक आहे. पिल्लू शाळेत जाते. जपा."

लख्ख ऐकू आलं. चारी दारांतून लेक बोलली. मागे कुठेतरी भांडी वाजल्यासारखं, कुणी कुजबुजल्यासारखं वाटलं. तिच्या घरचा गलका असेल असं समजून मास्तर अंगठ्यानं वर वर सरकत गेले. सगळेच निरोप असे आखूड, कोरडे. टपालखात्यातून आल्यासारखे. मग एक लांब निरोप लागला.

"बाबा, आईला इतक्यात सांगू नका, तिची झोप उडेल. आमचं इथलं काही जमत नाहीये. भांडण नाही, मारझोड नाही, तसलं काही मनात आणू नका. नुसते दोघंही घरात गप्प असतो. मी पिल्लूला घेऊन थोडे दिवस तिकडे येऊ का? अगदी मोकळेपणानं सांगा. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही."

त्याच्याखाली मास्तरांचं उत्तर होतं. तेही वाजलं. "वा वा, छान छान. मजा करा. आणि घाई करू नका कशाची. तब्येतीला जपा."

त्याच्याखाली लेक: "बरं बाबा. समजलं."

मास्तरांचा पाय ब्रेकवर गच्च बसला. या खेपेला पायाखाली खरा ब्रेक होता, पण गाडी उभीच होती. जे जायचं ते केव्हाच पुढे निघून गेलं होतं.

फोन थांबला. कॅसेट फिरत होती. आणि त्या शांततेतून मास्तरीणबाई बोलल्या. मास्तरांनी दचकून मागच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी. आवाज दारांतून येत होता, जुड्या सोडल्याची खसखस आणि शेजारणीच्या बांगड्या यांच्यासकट.

"वहिनी, भावजींना एकदाचं सांगून टाका ना," शेजारीण म्हणत होती. "कानाचं मशीन घ्या म्हणावं."

"काय सांगू? जन्मभर तो माणूस लोकांना शिकवत आला की गाडी आधी कानानं चालवा, मग हातानं. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू? मी आपली शेजारी बसते आणि बडबडते. मागून ट्रक आला की ट्रकवाल्याच्या नावानं बोटं मोडते. सायकलवाला घंटी वाजवतोय म्हणून करवादते. म्हणजे यांना कळतं मागे काय आहे ते. यांना वाटतं बायको कटकटी आहे. वाटू दे."

"आणि एखाद्या दिवशी अगदीच नाही जमलं तर?"

"तर माझं लायसन्स आहे की. पिठाच्या डब्याखाली."

दोघी हसत सुटल्या. मग कुकरची शिट्टी झाली.

लायसन्स! मास्तरांच्या हातून एकच विद्यार्थी नापास झाला होता: बायको. तिसऱ्या दिवशी ती चौकात गाडी तशीच सोडून उतरली, रिक्षानं घरी गेली आणि पुढे बरेच दिवस ताट समोर सरकवण्यापलीकडे दोघांत काही व्यवहार नव्हता. त्याच उन्हाळ्यात तिनं शिवणक्लास लावला. अख्ख्या उन्हाळ्यात घरात उशीचा एक अभ्रा शिवून झाला नव्हता, आणि मास्तरांना शंका म्हणून आली नव्हती. गल्लीत मात्र कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक होतं की बाई पलीकडच्या स्कूलमध्ये गाडी शिकतायत.

मास्तरांनी टेप बंद केला. आता लेकीला काय कळवायचं? ये म्हणायचं, यात प्रश्न नव्हता. पण इतके दिवस बाप छान छान का म्हणाला, हे ती विचारणार. खरं सांगितलं तर किल्ली गेली. खोटं सांगितलं तर पोरीच्या मनात ते "छान छान" जन्मभर राहणार. मास्तरांनी लगेच काय तो निर्णय घेतला, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. ते खाली उतरले, गाडीभोवती फेरी मारली, एकेका टायरला बुटानं हाणून पाहिलं, छतावरच्या बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा आत बसले. सवयीनं आरशात पाहिलं. मागे मैदान रिकामं होतं.

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "बाळा, ये. पिल्लूला घेऊन ये, हवे तितके दिवस राहा. आणि ऐक. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तुझा तो निरोप मी आज ऐकला. त्या दिवशी छान म्हणालो ते काहीच न ऐकता म्हणालो. आलीस की किल्ली घे."

पाठवलं, आणि गाडी अगदी सावकाश चालवत घरी आणली. शेजारी बडबड करायला कुणी नव्हतं.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरात होत्या. मास्तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पिठाच्या डब्याखालचं लायसन्स जरा बघू."

बाईंच्या हातातलं लाटणं ओट्यावरून घरंगळत खाली गेलं. कुणी सांगितलं, म्हणून त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, तूच. बाईंना ते पटणं शक्य नव्हतं. त्यांनी सगळं बिल शेजारणीवर फाडलं आणि तिच्याकडे विरजण मागायलासुद्धा गेल्या नाहीत, निदान संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी मास्तरांनी त्यांना खाली नेऊन गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि कॅसेट लावली. बाईंनी स्वतःचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. तोंडाला पदर लावून आधी हसल्या, मग हसता हसता थांबल्या.

"म्हणजे मी कटकटी नाही हे तुम्हाला कळलं तर," त्या म्हणाल्या.

"कटकटी आहेसच," मास्तर म्हणाले. "पण कटकट कशासाठी ते कळलं."

मग त्यांनी लेकीचा निरोप लावला. तो संपल्यावर बाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, पुढची खोली रिकामी करायला हवी, टेपरेकॉर्डर परत माळ्यावर टाका.

लेकीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते मैदानावर जाऊन ऐकायला दोघं गेली. लांबलचक होतं. त्यात थोडं रडणं होतं, बापावर बरंच ओरडणं होतं, आणि पिल्लूनं मध्येच येऊन, आजोबांना माझा दात पडला ते सांग, असं बजावलेलं होतं. मास्तरांना दातसुद्धा ऐकू आला.

मायलेकी यायच्या दिवशी विमानतळावर जाताना गाडी मास्तरीणबाईंनी चालवली. मास्तर आपल्या जुन्या जागी, डावीकडे, जादा ब्रेकसमोर. कानात नवं मशीन होतं. ते शिट्ट्या मारायचं आणि मास्तर त्याला शिव्या घालायचे. बाईंनी चौक बरोबर घेतला, वळण बरोबर घेतलं. मास्तरांचा पाय तरीही दोनदा गेला आणि गाडी दोनदा आचके खाऊन थांबली. मग बाई समोरच बघत पण खणखणीत म्हणाल्या, "अहो, पाय वर घ्या, नाहीतर उतरा. रिक्षा मिळते." मास्तरांनी मांडी घालायचा प्रयत्न केला. सीटमध्ये ते जमेना, पण पाय वर राहिला.

परतताना मागच्या सीटवर लेक आणि नात. लेक वाळली होती. गाडीत बसल्यावर तिनं ठरल्याप्रमाणे हात पुढे केला आणि किल्लीचं विचारलं. आई म्हणाली, "ती माझ्याकडे आहे." लेकीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, डाव्या सीटपुढच्या ब्रेककडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

गाडी हमरस्त्याला लागली. वारा भणाणत होता. मग मागून लेक खिडकीबाहेर बघत काहीतरी म्हणाली. मशीननं नुसती शीळ घातली. मास्तरांना आरशात तिचे ओठ हललेले आणि थांबलेले दिसले, आणि तोंडात "हो हो" अगदी तयार होऊन बसलं. ते त्यांनी गिळलं. कमरेतून वळून मागे पाहिलं.

"ऐकू नाही आलं," मास्तर म्हणाले. "परत सांग."

लेक पुढे वाकली. "काही विशेष नाही बाबा. म्हटलं, काच वर करा. पिल्लूच्या डोळ्यांत धूळ जातेय."

मास्तरांनी काच वर केली. आता चारी काचा बंद होत्या. मागे नातीनं आपल्या पडलेल्या दाताची हकिकत पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि मास्तर मान मागे वळवूनच बसले, पुढच्या रस्त्याकडे न बघता.